कॉलेजच्या लेकीला सांगितलेले अम्मीपर्यंत पोचते का?

ऑक्टोबर आला की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या कॉलेजांत गुलाबी रंग दिसू लागतो. महिला विकास कक्ष किंवा राष्ट्रीय सेवा योजनेचे युनिट एखाद्या डॉक्टर मॅडमना बोलावते. सभागृहात पडद्यावर स्लाइड दाखवल्या जातात, मुली गुलाबी फिती लावून फोटो काढतात आणि पाऊण तासात कार्यक्रम आटोपतो. स्तनाच्या कर्करोगाबद्दल जागृतीचा महिना पाळायची पद्धत अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झाली. आता ती आपल्या लोकलच्या मार्गावरच्या कॉलेजांतही रुळली आहे. चांगलेच आहे. आमच्या कॉलेजच्या दिवसांत हा शब्द माईकवरून उच्चारायची कोणाची हिंमत झाली नसती.

पण हे कार्यक्रम बघताना शिक्षिका म्हणून मला एक प्रश्न पडतो. समोर बसलेल्या मुली असतात १८ ते २१ वर्षांच्या. या वयात स्तनाचा कर्करोग अत्यंत दुर्मीळ आहे. मग हे सगळे नेमके कोणासाठी चालले आहे?

माझ्या मते उत्तर त्या मुलींच्या घरात आहे. एकोणीस वर्षांच्या मुलीची अम्मी साधारण बेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान असते. मोठी खाला आणि फुफी त्याच्या आसपास किंवा थोड्या पुढे, आणि दादी साठीच्या पुढे. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत साधारण दहा वर्षे आधी, म्हणजे पन्नाशीच्या आसपास जास्त आढळतो. तेव्हा ज्या बाईला ही माहिती खरोखर हवी, ती कॉलेजच्या सभागृहात नसते. ती मुंब्र्यात, राबोडीत, कल्याणच्या दूधनाक्यावर किंवा भिवंडीत दुपारच्या भाकऱ्या थापत असते. तिच्यापर्यंत पोचायचा सर्वात सरळ रस्ता तिच्या लेकीच्या तोंडून जातो. या कार्यक्रमांची आखणी मात्र जणू ती लेकच रुग्ण आहे अशी केलेली असते.

आकडे काय सांगतात

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रियांचा त्यात मृत्यू झाला. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आता हाच आहे.

देशातल्या ११ कर्करोग नोंदणी केंद्रांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निदानानंतर पाच वर्षे जगण्याचे प्रमाण पाहिले होते. आजार स्तनापुरता मर्यादित असताना सापडला तर शंभरातल्या सुमारे ८१ जणी पाच वर्षांनंतरही हयात होत्या. काखेतल्या गाठींपर्यंत किंवा आसपास पसरल्यावर सापडला तर सुमारे ६५. आणि शरीरात दूरवर पसरल्यावर सापडला तर फक्त १८. ८१ आणि १८ यांच्यामधला फरक बऱ्याच अंशी वेळेचा आहे.

आणि तपासणी किती जणी करून घेतात? २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले होते, की स्तनाच्या कर्करोगासाठी तुमची कधी तपासणी झाली आहे का? देशभरातून 'हो' म्हणणाऱ्यांचे प्रमाण ०.९ टक्के निघाले. शंभरात एकसुद्धा नाही! सरकारी कार्यक्रमानुसार तीस वर्षांवरच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी तपासणी व्हायला हवी. आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरतात त्यात स्तनात गाठ आहे का, स्तनाच्या बोंडातून रक्तासारखा स्राव येतो का, आकार बदलला आहे का, असे साधे प्रश्न आहेत. पण दारात उभे राहून, मागे सासरे किंवा दीर बसलेले असताना 'हो, आहे' असे कोणती बाई म्हणेल? ती 'नाही' म्हणते आणि फॉर्म पुढे जातो.

मुंबईच्या वस्त्यांतली वीस वर्षे

यावर काय उपयोगी पडते हे शोधायला आपल्याला परदेशात जायची गरज नाही. आपल्या शेजारीच, मुंबईच्या झोपडवस्त्यांत, टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून वीस वर्षे एक मोठा अभ्यास केला. डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या अभ्यासात ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका जायच्या, कर्करोगाची माहिती द्यायच्या आणि हाताने स्तनांची तपासणी करायच्या. दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या. मॅमोग्राफी नाही, मोठे यंत्र नाही, डॉक्टरही नाही. फक्त शिकलेला हात. उरलेल्या वस्त्यांत सुरुवातीला एकदा माहिती दिली गेली आणि पुढे फक्त नोंद ठेवली गेली.

निकाल २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. तपासणी झालेल्या वस्त्यांत तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर सापडलेल्या रुग्णांचे प्रमाण ३७ टक्के होते, दुसरीकडे ४७ टक्के. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मात्र मृत्यूच्या आकड्यात तसा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

आता हा निकाल कॉलेजच्या कार्यक्रमाशेजारी ठेवून पाहा. फायदा सिद्ध झाला तो पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांना. म्हणजे अम्मी, खाला, दादी यांना. आपण माईक धरतो तो एकोणीस वर्षांच्या मुलीसमोर.

यावर कोणी म्हणेल, मग कॉलेजातले कार्यक्रम बंदच करावेत. मी नेमके उलटे म्हणते. आमच्या वस्त्यांत आज घराघरांत शिकलेली पहिली व्यक्ती बहुतेक वेळा मुलगी आहे. अम्मीच्या बँकेचा फॉर्म तीच भरते, आधारला मोबाईल नंबर तीच जोडते, लाइट बिल तीच ऑनलाइन भरते, रिपोर्ट आला की त्यात काय लिहिले आहे ते अब्बूंना तीच वाचून दाखवते. घरातल्या बाईला दवाखान्यात कधी न्यायचे हे ठरवण्यात तिचा आवाज हळूहळू मोठा होतो आहे. एवढी ताकद असलेल्या मुलीला आपण फीत लावून घरी पाठवतो. तिला काम सांगून पाठवायला हवे.

आरशासमोरची कवायत

कार्यक्रमांत सर्वात जास्त वेळ जातो तो आरशासमोर उभे राहून बोटांनी गोल-गोल तपासणी कशी करायची हे दाखवण्यात. दर महिन्याला, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या पद्धतीने. याच पद्धतीवर चीनमध्ये शांघाय शहरात एक प्रचंड मोठा प्रयोग झाला होता. १९८९ ते १९९१ मध्ये कापड गिरण्यांत काम करणाऱ्या सुमारे २ लाख ६६ हजार स्त्रिया त्यात घेतल्या गेल्या. निम्म्या जणींना स्वतपासणी काळजीपूर्वक शिकवली, पुन्हा-पुन्हा उजळणी करून घेतली. दहा-अकरा वर्षांनी दोन्ही गटांतले मृत्यू जवळपास सारखेच निघाले. शिकवलेल्या गटात साध्या, निरुपद्रवी गाठी मात्र जास्त सापडल्या आणि त्यासाठी तपासण्याही जास्त कराव्या लागल्या. २००२ मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाल्यापासून बऱ्याच देशांतल्या तज्ज्ञांनी महिन्याच्या कवायतीवरचा जोर कमी केला. आता ते म्हणतात, आपले शरीर नेहमी कसे असते ते ओळखून ठेवा आणि त्यात बदल दिसला तर थांबू नका.

ऐकायला हे किरकोळ वाटते, पण मुलींच्या मनावर याचा परिणाम मोठा आहे. कवायत शिकवली की भीती घरी जाते. मुलगी रात्री दार लावून चाचपते, पाळीच्या आधी नैसर्गिकपणे येणारा गठुळपणा हाताला लागतो आणि तिची झोप उडते. कोणाला सांगायचे कळत नाही, म्हणून ती मोबाईलला विचारते. मोबाईल काय दाखवतो ते आपल्याला माहीतच आहे.

म्हणून मुलींना आधी हे सांगायला हवे. पाळीच्या आधी स्तन दुखणे, जड होणे, थोडे गठुळ लागणे हे बहुतेक जणींना होते आणि पाळी आल्यावर कमी होते. तरुण वयात हाताला लागणारी, गोळीसारखी सरकणारी, न दुखणारी गाठ बहुतेक वेळा फायब्रोअॅडिनोमा असते. ती कर्करोगाची गाठ नसते. डॉक्टरांनी तपासले, सोनोग्राफी झाली आणि गरज असेल तर सुईने तुकडा घेऊन पाहिला, की विषय संपतो. अनेकदा ऑपरेशनही लागत नाही, नुसते लक्ष ठेवावे लागते. तरुण मुलींना आधी मॅमोग्राफी सांगत नाहीत, कारण या वयात स्तनाची घडण दाट असते आणि सोनोग्राफीत जास्त स्पष्ट दिसते.

आणि हे सांगताना एक गोष्ट टाळता येत नाही, ती म्हणजे रिश्ता. बीएच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या मुलीला गाठ लागली, की घरात आजाराच्या आधी चर्चा होते 'नाव होण्याची'. दवाखान्यात कोणी ओळखीचे भेटले तर? सोनोग्राफीचा कागद सासरच्यांच्या हाती लागला तर? फायब्रोअॅडिनोमा झालेल्या मुलीच्या निकाहात, बाळंतपणात किंवा बाळाला दूध पाजण्यात काहीही अडत नाही. हे वाक्य प्रत्येक कार्यक्रमात दोनदा तरी म्हटले जावे असे मला वाटते. मुली लिहून घेतील असे हेच वाक्य आहे.

कोणत्या शब्दात सांगायचे?

मी उर्दू आणि मराठी दोन्ही भाषांत शिकवते, त्यामुळे शब्दांची ही अडचण मला रोज दिसते. मराठी पुस्तकात शब्द आहे 'स्तन'. उर्दूत आहे 'पिस्तान'. आमच्या घरांत या दोन्हींपैकी एकही शब्द कोणी तोंडाने उच्चारत नाही. बाया म्हणतात 'छाती में गांठ है', नाहीतर नुसतेच 'इधर कुछ है'. मुली कॉलेजात इंग्रजी शब्द वापरतात, कारण परक्या भाषेत लाज कमी वाटते. पण तोच शब्द घेऊन त्या घरी अम्मीशी बोलू शकत नाहीत. उर्दू माध्यमातून आलेली मुलगी इंग्रजी स्लाइडवर 'लम्प' वाचते, परीक्षेसाठी पाठही करते. पण अम्मीच्या काखेतल्या 'गिल्टी'शी त्याचा संबंध आहे, हे तिच्या ध्यानात येत नाही. (गिल्टी म्हटले की आमच्याकडे लोकांना अजूनही घशाचीच आठवते.)

अवयवाचे नाव टाळण्याचा हट्ट कुठवर जातो याचा नमुना ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत दिसला. क्रिकेटपटू युवराज सिंग यांच्या यूवीकॅन या संस्थेची जाहिरात दिल्ली मेट्रोत लागली होती. तिच्यात स्तनांच्या जागी 'संत्री' तपासायला सांगितले होते. लोकांनी संताप व्यक्त केला आणि मेट्रोने ती जाहिरात उतरवली. युवराज स्वतः कर्करोगातून बरे झालेले, संस्थेचा हेतूही चांगला. पण ज्या आजाराने वर्षाला लाखभर बायका जातात त्याचे नाव फळांत लपवावे लागत असेल, तर आजार झालेल्या बाईने काय समजायचे? आपल्याला झाले आहे ते बोलण्यासारखे नाही, हेच ना?

आमच्या समाजात इथे 'हया'चा मुद्दा पुढे येतो. हया ही मोठी नेमत आहे, यात वाद नाही. पण हजरत आयशा (रजि.) यांनी मदिनेच्या अन्सारी स्त्रियांची तारीफ केली होती ती याचसाठी, की दीन समजून घेताना हया त्यांच्या आड आली नाही. त्यांनी पाळी-बाळंतपणाचे प्रश्न सरळ विचारले. त्या प्रश्नांतून आलेल्या मसल्यांवर आपण आजही अंमल करतो. मग आपल्या मुलीने डॉक्टरांना एक सरळ प्रश्न विचारला तर कोणाची हया कमी होणार आहे?

२८ जून २०२४ रोजी टीव्ही अभिनेत्री हिना खान यांनी आपल्याला तिसऱ्या टप्प्याचा स्तनाचा कर्करोग असल्याचे स्वतः जाहीर केले. त्या वेळी त्यांचे वय होते ३६. त्या दिवसानंतर मुलींच्या बोलण्यात हा आजार ज्या मोकळेपणाने आला, तो कित्येक व्याख्यानांनी आला नसता. आपल्यासारखेच नाव असलेली, घराघरांत ओळखीची बाई केस काढताना कॅमेऱ्यासमोर आली. पण एक धोकाही आहे. छत्तिसाव्या वर्षीचे उदाहरण डोळ्यांसमोर राहते आणि मुलींना वाटते हा आपल्याच वयाकडे येणारा आजार आहे. साठीच्या दादीकडे लक्ष जात नाही.

गाठ लागल्यापासून डॉक्टरांपर्यंत

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी जी मोहीम सुरू केली तिच्यात तीन उद्दिष्टे आहेत. ६० टक्क्यांहून अधिक रुग्ण पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातच सापडावेत, तक्रार घेऊन आलेल्या बाईचे निदान ६० दिवसांत पूर्ण व्हावे आणि ८० टक्के रुग्णांनी उपचार शेवटपर्यंत घ्यावेत. यातला साठ दिवसांचा हिशेब सुरू होतो तो बाई दवाखान्यात पोचल्यावर. आमच्या वस्त्यांतला खरा वेळ त्याच्या आधीच जातो.

एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरची गोष्ट सांगते. तिच्या अम्मीला अंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ लागली ती रमजानच्या आधी. दुखत नव्हती, म्हणून तिने विचार केला, दुखत नाही म्हणजे काही नाही. (खरे तर कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच दाखवायला हवी.) मग रमजान, ईद, मग मोठ्या मुलाच्या निकाहची तयारी. शेजारणीने लेप दिला, कोणी हिजामा करून घ्यायला सांगितले, एकीने दम केलेले पाणी आणून दिले. दुआ करावी, मनाला आधार मिळतो. पण लेपाखाली गाठ वाढतच राहिली. पहिल्यांदा डॉक्टरांनी पाहिले तोवर आठ महिने गेले होते आणि काखेतही गाठी आल्या होत्या. तिच्या लेकीने त्याच वर्षी कॉलेजात हाच कार्यक्रम ऐकला होता. मी विचारले, घरी काही बोललीस का? ती म्हणाली, "मॅडम, ते तर आमच्यासाठी होतं ना."

या एका वाक्यात कार्यक्रमाची उणीव कळते.

म्हणून लेकीने घरी जाऊन विचारायचे ते नेमके सांगितले पाहिजे. स्तनात किंवा काखेत गाठ आहे का? कातडी आत ओढल्यासारखी किंवा संत्र्याच्या सालीसारखी झाली आहे का? बोंड नव्याने आत गेले आहे का? त्यातून रक्त किंवा पाणी येते का? एका बाजूचा आकार किंवा रंग बदलला आहे का? यातले एक जरी 'हो' आले तर दाखवायचे, वय काहीही असो. बाळाला पाजणाऱ्या बाईची गाठ 'दूध साकळले' म्हणून सोडून देतात. ती दोन-तीन आठवड्यांत गेली नाही तर तीही दाखवायची. आणि आई किंवा बहिणीला हा आजार कमी वयात झाला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगायचे.

मग दाखवायचे कुठे? आमच्या बायका 'लेडी डॉक्टर' म्हणजे बाळंतपणाच्या डॉक्टरांकडे जातात. सुरुवातीला तसे जायला हरकत नाही, पण स्तनाच्या गाठीचे पुढचे काम सर्जनचे असते. हे माहीत नसल्यामुळेही चकरा वाढतात. ठाणे महापालिकेचे कळव्यातले छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, ठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय, भिवंडीचे इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय ही आपल्या भागातली सार्वजनिक दारे आहेत. पहिल्या तपासणीसाठी तिथून सुरुवात करता येते. लोकांचा या दारांवर पूर्ण विश्वास नाही, हे मान्य करायला हवे. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले होते. त्या बातमीची आठवण मुंब्र्यात अजून ताजी आहे. पण त्या अविश्वासापायी बाई घरीच बसली तर हिशेब तिच्याच अंगावर येतो. कर्करोगाच्या पूर्ण उपचारासाठी आजही बहुतेकांना परळच्या टाटाला जावे लागते. कल्याणहून लोकलने सकाळच्या गर्दीत, केमो घेतलेल्या बाईला घेऊन. ठाण्यात बाळकुमला कर्करोग रुग्णालयाचे भूमिपूजन २०२३ मध्ये झाले. ते उभे राहील तेव्हा हा प्रवास कमी होईल. आमच्या नगरसेवकांनी नि आमदारांनी कॉलेजात फीत कापायला येताना त्या कामाचा हिशेबही सोबत आणावा, एवढे म्हणायला हरकत नसावी.

पैशाची भीती वेगळीच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व रेशनकार्डधारकांना लागू करायचा आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण द्यायचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला. कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार या योजनेत येतात, पण योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातच. तिथे 'आरोग्यमित्र' बसलेला असतो, आधी त्याला भेटायचे. रेशनकार्ड आणि आधारवर नावाचे स्पेलिंग सारखे आहे का, हे लेकीने आजच पाहून ठेवावे. 'बी' आणि 'बेगम', 'शेख' आधी की नंतर, यात आमच्या किती फायली अडकतात!

कल्याणची एक लेक

पुरुष डॉक्टरांसमोर बाई बोलत नाही, ही अडचण काही आपल्याच समाजाची नाही. १८६५ मध्ये कल्याणच्या जोशी घराण्यात यमुना नावाची मुलगी जन्मली. तीच पुढे डॉ. आनंदीबाई जोशी झाली. अमेरिकेला जाण्याआधी १८८३ मध्ये बंगालमधल्या सेरामपूर इथे त्यांनी भाषण केले. परदेशी जायचे कारण त्यांनी हेच सांगितले, की इथल्या बायका पुरुष डॉक्टरांना आपला आजार दाखवायला कचरतात, म्हणून स्त्री डॉक्टरांची गरज आहे. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी क्षयाने गेल्या. वय अवघे २१. आज त्याच कल्याणच्या कॉलेजांत त्याच वयाच्या मुली बसलेल्या आहेत आणि अडचण बऱ्यापैकी तीच आहे.

फरक एवढा, की आता हक्क लिहिलेला आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेनुसार पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाची तपासणी करत असतील तर एक स्त्री तिथे हजर असली पाहिजे. लेक सोबत गेली तर तीच ती स्त्री. बाई डॉक्टर मिळाल्या तर उत्तमच, पण नाही मिळाल्या म्हणून थांबायचे नाही. गरजेच्या वेळी पुरुष तबीबाकडून इलाज घ्यायची परवानगी उलेमांनी दिलेलीच आहे. आमच्या मशिदींतून जुम्याच्या बयानात हे एकदा सांगितले गेले तर अर्ध्या घरांतला अडथळा तिथेच दूर होईल, कारण अब्बू आणि भाईजान तिथेच बसलेले असतात.

यावरूनच मुलांचा विषय. कॉलेजे हा कार्यक्रम फक्त मुलींसाठी ठेवतात. मुली मोकळेपणाने विचारू शकाव्यात म्हणून त्यांचे वेगळे सत्र हवेच. पण मुलांचेही हवे. दवाखान्याला पैसे कधी द्यायचे, अम्मीला रिक्षाने कोण नेणार, हे ते ठरवतात. सुई लावली की आजार पसरतो, हा गैरसमज मी बायकांपेक्षा पुरुषांच्या तोंडून जास्त ऐकला आहे. बायोप्सीने कर्करोग पसरत नाही. बायोप्सी टाळली की निदान लांबते, आणि तेवढ्यात तो पसरतो. शिवाय हा आजार क्वचित पुरुषांनाही होतो, शंभर रुग्णांत साधारण एक. हे सांगितले की मागच्या बाकावरची हसाहस थांबते, असा माझा अनुभव आहे.

मुंबई विद्यापीठाच्या प्रत्येक कॉलेजात महिला विकास कक्ष आहे, त्याला थोडाफार निधी आहे. गुलाबी फुगे आणि बॅनर यांच्या खर्चात एक साधा कागद छापता येईल. एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी. वर ते पाच प्रश्न आणि खाली जवळच्या रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीचे वार आणि वेळ. शेवटी एक रिकामी ओळ, 'घरी कोणाला विचारले?' मुलींनी तो भरून आठवड्याने परत आणायचा. नाव लिहायचे नाही, फक्त नाते: अम्मी, खाला, दादी, भाभी. किती कागद परत आले आणि किती जणींना दाखवायची गरज निघाली, हे कक्षाच्या अहवालात फोटोंच्या जागी छापावे. ऑक्टोबरची वाट पाहायचीही गरज नाही, पुढच्या सत्रातल्या पहिल्या पालकसभेला हे करता येते. आमच्याकडे पालकसभेला अम्म्याच जास्त येतात.